जुनी मोटार दारात येण्याआधी

भिवंडीहून, अगदी धामणकर नाक्यावरून, एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून पत्रच थोडक्यात देते.

ती लिहिते, "ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आपली वॅगन-आर विकतायत. गाडी १४ वर्षांची आहे, १,१०,००० मागतायत. माझ्या भिशीचे ९०,००० हातात आलेत, वरचे २०,००० हे घालणार. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा कल्याणला डायलिसिसला न्यावं लागतं. रिक्षावाला जाऊन-येऊन ५५० घेतो. हे म्हणतात, दोन वर्षांत गाडी फिटेल. पण भिशीचे पैसे मी मुलीच्या अकरावीसाठी ठेवले होते. मला रात्री झोप येत नाही. काय करू?"

ताई, तुमच्या यजमानांचा हिशेब वरवर पाहिला तर चुकीचा नाही. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाच्या १०४ फेऱ्या, रिक्षाचे झाले ५७,२००. दोन वर्षांत गाडीची किंमत निघते खरी. पण गाडी काही हवेवर चालत नाही. धामणकर नाक्यावरून कल्याणला जाऊन-येऊन साधारण २५ किलोमीटर धरू. कंटेनरच्या रांगेत थांबत, खड्डे चुकवत जाणारी जुनी गाडी एका लिटरला १२-१३ किलोमीटर देईल, म्हणजे फेरीला दोन लिटर पेट्रोल. वर्षाचे २२,००० तिथेच गेले. विमा, ऑईल बदलणं, फिल्टर, पी.यू.सी., पंक्चर, ब्रेकचं काम असे आणखी १२-१३ हजार धरा. मग वर्षाला वाचतात ते २२,००० च्या आसपास. गाडी फिटायला दोन नाही, पाच वर्षं लागतील.

म्हणून घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. डायलिसिसहून परतणारं माणूस किती गळून गेलेलं असतं, हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच ठाऊक. पावसात रिक्षा शोधत नाक्यावर उभं राहणं, खड्ड्यात बसणारे हादरे, हे टळलं तर त्याचं मोल पैशांत होत नाही. शिवाय भिवंडीला लोकलचा आधार नाही. भिवंडी रोड स्टेशन आहे ते दिवा-वसई मार्गावर, कल्याणला जायला त्याचा उपयोग नाही. मेट्रो पाचचा पहिला टप्पा कापूरबावडीपासून तुमच्या धामणकर नाक्यापर्यंत आखलेला आहे, म्हणजे तोही ठाण्याच्या बाजूचा. तेव्हा गाडी हवीशी वाटणं अगदी साहजिक आहे. फक्त ती पैसे वाचवण्यासाठी घेतोय असं म्हणू नका, सासूबाईंच्या सोयीसाठी घेतोय असं म्हणा. हिशेब मग आपोआप वेगळा मांडला जातो.

आणि एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. ती गाडी चालवणार कोण? डायलिसिस चालतं चार-चार तास, तेही बहुधा कामाच्या दिवशी. यजमान आठवड्यातून दोन दिवस रजा घेणार आहेत का? नसतील, तर गाडी दारात उभी राहील आणि तुम्ही पुन्हा रिक्षाच बोलवाल! पहिला खर्च करायचा तो तुमच्या ड्रायव्हिंग शिकण्यावर. शिकाऊ लायसन्स निघाल्यावर पक्क्या लायसन्ससाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे गाडीच्या शोधाला तेवढा वेळ आहेच. "मला कुठलं जमतंय" म्हणू नका. भिवंडीच्या गर्दीत सासूबाईंना घेऊन रस्ता ओलांडता ना? मग हेही जमेल.

आता पैशांचं बोलू. मैत्रिणींनो, जुनी गाडी घेताना बहुतेक घरं एकच गफलत करतात. जवळ आहेत तेवढे सगळे पैसे किंमतीत घालतात. नवी साडी घेताना फॉल-बीडिंगचे आणि ब्लाउजच्या शिलाईचे पैसे आपण बाजूला धरतोच की नाही? जुन्या गाडीचं फॉल-बीडिंग फार महाग असतं. चार टायर गुळगुळीत असले तर १३-१४ हजार. बॅटरी ४-५ हजार. आपल्याकडच्या खड्ड्यांनी शॉकअब आणि खालचे बुश गेलेलेच असतात, ते काम ८-१० हजारांच्या खाली होत नाही. क्लच प्लेट गेली तर आणखी. हे सगळं पहिल्या सहा महिन्यांत अंगावर येतं, कारण माणूस गाडी विकतो तीच मुळी हे खर्च समोर दिसायला लागल्यावर. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. तेव्हा १,१०,००० जमले असतील तर गाडी ७०-७५ हजारांच्या वरची बघूच नका. उरलेले पैसे बँकेत राहू द्यात. एवढ्यात बसत नसेल तर अजून सहा महिने रिक्षा परवडली. मुलीच्या अकरावीचे पैसे मात्र यात धरू नका, ते वेगळे.

तुमच्या गाडीच्या बाबतीत भाव पाडायला एक चांगलं कारण आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. ही १४ वर्षांची, म्हणजे वर्षभरात तुम्हालाच आर.टी.ओ.त जाऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० झाली आहे, पूर्वी ती ६०० होती. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर आणि गाडी तपासणीत पास होण्याइतकी नीटनेटकी करण्याचा खर्च. पास झाली की ५ वर्षांची मुदत मिळते. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, अशी भीती पुष्कळांना असते. तो दिल्लीकडचा घोळ आहे, आपल्याकडे खाजगी गाडीला तसा नियम नाही. उलट दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवतात. गाडी चकचकीत असते, पण तिला तिथल्या आर.टी.ओ.चं ना-हरकत पत्र लागतं, इथे नव्याने नोंदणी करून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. त्या फंदात आपल्यासारख्यांनी पडू नये.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त घरं यातच फसतात. "ओळखीचे आहेत, नावावर नंतर करू" हे वाक्य तुमच्या घरात बोललं गेलं असेल, अशी माझी खात्री आहे. बोललं गेलं असेल तर तिथेच थांबवा. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० भरून द्यायचा असतो. एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याला १४ दिवसांची आणि घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. आर.सी.वर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळ मालक वारलेला असेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्याचा फॉर्म ३१.

हे तुमच्याइतकंच विकणाऱ्याच्याही हिताचं आहे, बरं का. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी हातोहात तीन-चार जणांना विकली गेली होती, पण कागदावर नाव पहिल्याच मालकाचं. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी त्या कागदावरच्या मालकावर आली. गाडी विकून त्याला जवळजवळ दोन वर्षं झाली होती! ज्या वाचकभगिनींच्या घरातून जुनी गाडी गेलीय, त्यांनी आज संध्याकाळीच यजमानांना विचारावं, ती अजून आपल्या नावावर तर नाही ना?

विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा, त्याला १४ दिवस असतात. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. तेव्हा "विमा स्वस्तात पडतो" ही थाप समजा. १,००० सी.सी.पर्यंतच्या मोटारीला तिऱ्हाइताच्या विम्याचा दर २०२२ साली २,०९४ ठरला होता, त्यावर कर वेगळा. एवढ्या जुन्या गाडीला हा विमा सक्तीचा आणि तेवढा पुरेसा आहे असं माझं मत आहे. ७० हजारांच्या गाडीला भारी विमा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

१ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने तिला अतिसुरक्षा नंबरप्लेट लागते. बसवलेली नसेल तर विकणाऱ्यालाच सांगा. दंडाची चलनं किती थकली आहेत, हे गाडीच्या नंबरावरून मोबाईलवर दिसतं. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला पाच मिनिटांत काढता येईल. मात्र हाच भाचा अठराच्या आतला असेल तर किल्ली त्याच्या हाताला लागू देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते.

नोंदणीत नाव कोणाचं घालायचं? भिशी तुमची, तर नाव तुमचं. यात भांडणाचं काही कारण नाही. फक्त मालकीबरोबर जबाबदारीही तुमची होते. विनालायसन्स कोणी गाडी नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

आता प्रत्यक्ष गाडी. तुमच्या भागात सगळ्यात आधी पाणी शिरलेली गाडी ओळखता यायला हवी. २६ जुलै २००५ कोण विसरेल? जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हाही या पट्ट्यात किती गाड्या बुडाल्या असतील. भिवंडीत तर कामवारी नदी उशाशी आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात येतात. पण आपल्या बायकांच्या नाकापुढे अत्तर काय टिकणार! काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. ओल्या गोणपाटासारखा वास आला की समजा. सीटचा पट्टा अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहून जाते. सीटच्या खालच्या पट्ट्यांवर गंज, पुढच्या दिव्यांच्या आत धुकं, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, यातलं काहीही दिसलं तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी तीन वर्षांनीसुद्धा त्रास देतं.

पायाखालचं कार्पेट उचलून बघा, खाली पत्रा कुजलेला असतो. गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा. सुरू केल्यावर मागून निळा धूर आला तर ती ऑईल पिते. भिवंडीत उड्डाणपूल आहेतच, एखाद्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये घालून बघा, नुसती ओरडली आणि पुढे गेली नाही तर क्लच संपलाय. आणि मिस्त्री आपला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री म्हणजे नवऱ्यामुलाच्या मामाकडेच स्थळाची चौकशी करणं! पाचशे-हजार घेईल, पण ते पैसे वाया जात नाहीत.

गॅसवरची गाडी दाखवली तर दोन गोष्टी विचारा. गॅसचं किट आर.सी.वर चढवलेलं आहे का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे का. नसेल तर नको. सासूबाईंना त्याच सिलिंडरच्या पुढ्यात बसवायचंय.

ठाण्याच्या आणखी एका वाचक भगिनीने विचारलं आहे की, तेवढ्याच पैशांत मोठी, ऐसपैस गाडी मिळत असताना ही छोटीच का? अहो, ती स्वस्त मिळते त्यालाही कारण असतं. शेव्हर्लेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाड्या वाईट नव्हेत, पण सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि तोवर गाडी गॅरेजात. उलट मारुती ८०० बंद झाली २०१४ च्या जानेवारीत, तरी तिचं काम गावोगावचा मिस्त्री डोळे मिटून करतो. वॅगन-आरचंही तसंच. तेव्हा यजमानांनी गाडी निवडलीय ती योग्यच, भाव तेवढा चुकलाय.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इतक्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नसतात. गाडी घेतल्यावर पहिल्याच सर्व्हिसिंगला त्या बघून घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच बदला. आणि तुमच्याकडे यंत्रमागांचा कापूस हवेत उडत असतो. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीची वाट न पाहता दर दोन-तीन महिन्यांनी काढून झटकायला लावा, पेट्रोल कमी खाईल.

ताई, भाव ७५ हजारांवर आला, कागद स्वच्छ निघाले आणि तुमचं लायसन्स हातात आलं, तर अवश्य घ्या. टोकन म्हणून पाच हजारांच्या वर देऊ नका. त्याचीही पावती घ्या, आणि "मिस्त्रीने नापसंत केल्यास रक्कम परत" एवढी एक ओळ त्यावर लिहून सही घ्या. बाकीचे पैसे रोखीने नको, बँकेतून द्या, आणि तेही फॉर्मवर सह्या झाल्यावरच.

प्रेशर कुकरच्या वारंवार जाणाऱ्या रिंगबद्दल तीन पत्रं आली आहेत. त्यांची उत्तरं जागेअभावी पुढच्या अंकी.