उच्चारांची शिवाशिव

अस्पृश्यता आपण कायद्याने संपवली आणि त्या कायद्याचा आपल्याला अभिमानही आहे. परंतु समोरच्याने तोंड उघडताक्षणी त्याची पायरी ठरवून टाकण्याची जी जुनी विद्या आपल्या अंगात मुरलेली होती, ती कायद्याने जाण्यासारखी नव्हती. तिला नवे ठिकाण हवे होते आणि ते इंग्रजीने पुरवले. बीड-परभणीकडचा एखादा मुलगा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला गणितात उत्तम गुण. पहिल्या सेमिनारला तो फळ्यापाशी उभा राहतो, विषय त्याला पक्का ठाऊक असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ‘प्रेशर’चे ‘प्रेसर’ होते. मागच्या बाकांवर खसखस पिकते. शिकवणारे सर कोणाला दटावत नाहीत, कारण त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू असते. त्या मुलाचा मुद्दा बरोबर होता की चूक, हे मग कोणी विचारत नाही. पुढे तो वर्गात शंका विचारणे सोडतो, कॅम्पस मुलाखतींच्या दिवशी गटचर्चेत कडेला बसून राहतो, आणि आपण म्हणतो, हुशार आहे हो, पण कम्युनिकेशन कमी पडते. मुंबईच्या महाविद्यालयांत अशा मुलांना ‘व्हर्नॅक’ म्हणतात. म्हणणारी मुले कोणा दुष्टांच्या घरची नसतात. ती तुमच्या-माझ्या घरची असतात आणि हे हसणे त्यांनी आपल्याकडूनच उचललेले असते.

ज्या इंग्रजीचे सोवळे आपण इतक्या निष्ठेने सांभाळतो, ती मुळात कोणाची होती हे तरी पाहावे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा दरबारात आणि उमरावांच्या वाड्यांत फ्रेंच आली. इंग्रजी उरली ती नांगर धरणाऱ्यांच्या आणि डुकरे राखणाऱ्यांच्या तोंडी. कोर्टात इंग्रजीत बोलावे असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले, आणि तेव्हाही दप्तर लॅटिनमध्येच ठेवायचे ठरले. जवळजवळ तीनशे वर्षे स्वतःच्या घरात दाराबाहेर उभी राहिलेली ही भाषा पुढे साम्राज्याबरोबर जगभर गेली. १६०७ मध्ये ती व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला पोचली, १७८८ मध्ये कैद्यांच्या जहाजांतून सिडनीच्या किनाऱ्याला लागली, कंपनीच्या वखारींतून सुरतेला आणि मुंबईला आली. जिथे गेली तिथल्या माणसांनी तिला आपल्या जिभेवर बसवून घेतले. नोआह वेबस्टरने १८२८ च्या आपल्या कोशात इंग्लंडची कितीतरी स्पेलिंगे बाजूला सारली. त्याच्यावर तेव्हा टीकाही झाली, पण त्याच्या नावाचे कोश आजही छापले जातात. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांना जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर जुंपले गेले, तेव्हा त्यांनी मालकांच्या शब्दांना आपल्या भाषांची घडण देऊन बोलण्याचे साधन निर्माण केले. तीच आजची जमैकन पात्वा. तिला मोडकी इंग्रजी म्हणणाऱ्याला तिचे व्याकरण विचारावे. ते तिला आहे आणि ते पक्के आहे. सिंगापूरच्या सरकारने २००० साली चांगली इंग्रजी बोलण्याची मोहीमच काढली, तरी तिथल्या खाऊगल्ल्यांत लोक आपली सिंग्लिश बोलतच राहिले. आपल्याकडे सरकारला अशी मोहीम काढावी लागत नाही. ते काम आपण घरोघर, फुकट करतो.

‘शुद्ध उच्चार’ या नावाने आपण ज्याची पूजा करतो, ते किती पोकळ आहे याचा एक दाखला सविस्तर सांगण्याजोगा आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागात अठराव्या शतकाच्या अखेरीला शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा ‘र’ गिळायची रीत पडली, आणि पुढे तीच सभ्य माणसाची खूण ठरली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो जुना ‘र’ टिकून राहिला. १९६२ साली विल्यम लाबोव नावाचा तरुण भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत हिंडला. एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक स्वस्त मालाचे. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू मनात धरायची आणि ती कुठे मिळेल म्हणून नोकराला विचारायचे, एवढेच त्याने केले. उत्तर ठरलेले, ‘फोर्थ फ्लोर’; त्यात ‘र’ दोनदा. ऐकू आले नाही असे दाखवून तो पुन्हा विचारी, आणि दुसऱ्यांदा नोकर जरा सावरून बोले. मग आडोशाला जाऊन तो टिपून ठेवी. श्रीमंत दुकानातले नोकर ‘र’ अधिक उच्चारत होते, स्वस्त दुकानातले अधिक गिळत होते. म्हणजे जो ‘र’ गिळला तर लंडनमध्ये माणूस साहेब ठरतो, तोच न्यूयॉर्कमध्ये गिळला तर तो खालच्या पायरीचा ठरतो. ध्वनीला स्वतःची प्रतिष्ठा नसते. ती ज्याच्या तोंडून तो निघतो त्याच्या खिशाची आणि कुळाची असते.

हे कळायला खरे तर आपल्याला न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती. ‘पानी’ म्हणणाऱ्या, ‘आनि’ म्हणणाऱ्या माणसाला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. शाळेत त्याच्या मुलाला उभे करून ‘ण’ म्हणायला लावला, शेजारच्या मुलांनी हसून घेतले, आणि त्याला आपण संस्कार म्हटले. तोच ‘पानी’ दिल्लीकर हिंदीत म्हणतो तेव्हा मात्र आपल्या कानाला तो सुसंस्कृत वाटतो. आपला कान ‘न’ आणि ‘ण’ ऐकतच नव्हता. तो जात ऐकत होता. इंग्रजी आली तेव्हा हा तयार कान तिला मिळाला. ‘टेसन’, ‘हापिस’, ‘डागदर’ हे शब्द खेड्यापाड्यांतल्या माणसांनी इंग्रजीकडून घेऊन आपल्या तोंडाला सोसतील असे घडवले. तेच जमैकाच्या मळ्यावर झाले आणि तेच वेबस्टरने अमेरिकेत केले. पण वेबस्टरचे काम आपल्या लेखी विद्वत्ता ठरते आणि आपल्याच बांधवाचे अडाणीपणा.

या हसण्याची वंशावळ तर त्याहून लाजिरवाणी आहे. २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात मेकॉलेने असा वर्ग तयार करायचे योजले, की जो रक्ताने हिंदी आणि रुचीने इंग्रज असेल. असा वर्ग तयार होऊ लागला, कारकून झाला, अर्ज आणि वर्तमानपत्रे लिहू लागला, तेव्हा त्याच इंग्रजांनी त्याच्या भाषेची टवाळी आरंभली. १८९१ मध्ये अर्नल्ड राइट याने बाबू लोकांच्या इंग्रजीतले विनोदी नमुने गोळा करून पुस्तक काढले. १८९७ मध्ये ‘बाबू जबरजी, बी.ए.’ या नावाची विनोदी कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. राज्यकर्त्याचे ते हसणे समजण्यासारखे होते. ज्याने आपली भाषा शिकून आपल्या बरोबरीला बसण्याचे धाडस केले, त्याला हसण्याने परत खाली बसवता येते. साहेब गेला, पण हसणे आपण ठेवून घेतले. आपल्या रंगभूमीवर आणि चित्रपटांत इंग्रजीचे वाभाडे काढणारा शिपाई किंवा हवालदार किती वर्षे हमखास टाळ्या घेत आला आहे! आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपली इंग्रजी तरी कुठली? आपले ‘ट’ आणि ‘ड’ मूर्धन्य, ‘व’चे दोन्ही इंग्रजी उच्चार एकच, सभा अलीकडे ओढली की आपण ती ‘प्रीपोन’ करतो. कॉन्व्हेंटात शिकलेला आपला माणूसही लंडनमध्ये पहिल्या वाक्याला ओळखू येतो. श्रीनगरात जन्मलेले ब्रज कचरू यांनी आयुष्यभर मांडले, की भारताची, नायजेरियाची, सिंगापूरची इंग्रजी ही चुकलेली इंग्रजी नसून आपापल्या नियमांनी चालणारी इंग्रजीची रूपे आहेत. आपण सगळे त्यातलेच एक रूप बोलतो. फरक इतकाच, की आपल्यापैकी काहींनी ते महाग फी भरून शिकले आहे.

या व्यवहारातली सगळ्यात मोठी किंमत बाया मोजतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पालकसभा असली, की सहावी-सातवीतला मुलगा आईला सांगतो, तू येऊ नको, बाबांना पाठव. आई समजते. ती भांडत नाही, मुलाला मारत नाही. सभेच्या दिवशी तिला नेमके काहीतरी काम निघते. ज्या बाईने चार घरची धुणीभांडी करून किंवा शिलाई मशीन चालवून त्या शाळेची फी भरली, तिलाच तिचा मुलगा शाळेच्या फाटकाशी येऊ देत नाही. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. मातीत ओल असावी तशी ही लाज घरात असतेच. आणि हीच बाई घरात मुलाला जमेल तशा इंग्रजीत ‘हँड वॉश कर’, ‘मिल्क फिनिश कर’ म्हणते, तेव्हा तिची नक्कल करून हसणारे दुसरे कोणी नसतात, ते असतात मराठीचे अभिमानी. आपली मराठी बाटवल्याचा ठपका तिच्यावर ठेवतात. एका बाजूने इंग्रजी नीट येत नाही म्हणून आणि दुसऱ्या बाजूने मराठी सोडली म्हणून, दोन्ही बाजूंनी ती एकटीच आरोपी.

तिचा हट्ट चुकीचा आहे असे म्हणायला मी धजणार नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते, की रयतेच्या घामातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. सावित्रीबाईंनी आपल्या कवितांतून शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितले. बाबासाहेबांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, आणि ती भाषा त्यांच्या हातात कोणाची ताबेदारी करत नव्हती. २००० साली महाराष्ट्राचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी सुरू केली तेव्हाही मागणी हीच होती, की जे काहींना मिळते ते सगळ्यांना मिळावे. या माणसांनी मागितली ती भाषा. आपण तिच्याबरोबर तिचे सोवळेही ठेवले आणि ते दाराशी टांगले.

दुसरीकडे हे दार उघडले गेले आहे. अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात गरीब काळ्या मुलांच्या घरच्यांनी शाळा-व्यवस्थेवर दावा लावला, आणि १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला, की मुले घरी जी इंग्रजी बोलतात ती शिक्षकांनी समजून घेतलीच पाहिजे. ती न ओळखता त्यांना वाचन शिकवायला निघणे हा त्यांच्या शिक्षणातला अडथळा आहे. शिकायचे मुलांनी तसे शिक्षकांनीही, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे तेवढ्यासाठी कोर्टात जायचेही कारण नाही. प्राध्यापकाने सेमिनारमध्ये हसणाऱ्यांना गप्प करून मुलाला मुद्दा पुरा करू द्यायचा आहे, कंपनीच्या मुलाखतकाराने उच्चाराचे गुण वजा करून उत्तर ऐकायचे आहे.

आणि शाळाप्रवेशाचे तर आपल्याकडे कायद्यानेच लिहून ठेवले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तरीही पालकांना गप्पा मारायला म्हणून बोलावले जाते, आणि आपण आदल्या रात्री आरशासमोर इंग्रजी उत्तरे घोकतो. बाहेरच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या जोडप्याकडे पाहून मनातल्या मनात हायसे वाटते, की एक जागा मोकळी झाली. तक्रार करत नाही, कारण आपल्या मुलाचा प्रवेश अडेल. ज्यांचा प्रवेश झाला, ते आधी करोत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज द्यायचा असतो, आणि तो मराठीत लिहिलेला चालतो.