जगाच्या उठाठेवी आणि तीन वर्षांची पदवी

आमच्या मोठ्या वर्गातले सगळेजण यंदा किंवा पुढच्या वर्षी यूकासचा अर्ज भरणार आहोत. अर्जात पाच पर्याय देता येतात. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी हे पाचही पर्याय आधीच ठरलेले आहेत: डॉक्टरकी, इंजिनियरिंग, कॉम्प्युटर, अर्थशास्त्र, नाहीतर वकिली. पण वर्गातल्या तिघांना 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा विषय घ्यायचा आहे. तिघांच्याही घरी दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, "मग पुढे करणार काय?" दुसरा, "जगाच्या उठाठेवी करायला पदवी कशाला लागते?"

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. म्हणून आम्ही सर्वांनी, हा विषय घेणाऱ्यांनी आणि न घेणाऱ्यांनीही, मिळून त्यांची उत्तरे शोधायचे ठरवले. हे आमचे मत. काका-मावशींना ते पटले नाही तर त्यांनी पुढच्या अंकात जरूर उत्तर द्यावे.

आधी या विषयाची थोडी ओळख. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथील कॉलेजात या विषयाचे जगातले पहिले अध्यासन सुरू झाले. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी त्यासाठी देणगी दिली. युद्धात मेलेल्या आणि जखमी झालेल्या विद्यार्थ्यांचे ते स्मारक होते. पुढे त्या अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव मिळाले. म्हणजे हा विषय चहा पिता पिता राजकारणावर गप्पा मारण्यासाठी सुरू झाला नाही. एवढी माणसे का मेली आणि पुन्हा मरू नयेत म्हणून काय करता येईल, या प्रश्नातून तो निघाला.

पण याच वर्षाची दुसरी गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. १९१९ साली लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. व्हॅलेंटाइन चिरोल याच्यावरच्या खटल्यासाठी ते १९१८ च्या शेवटी इथे आले होते. काँग्रेसने त्यांना पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून निवडले, पण सरकारने पॅरिसला जाण्याची परवानगीच दिली नाही. तेव्हा टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना निवेदन पाठवले आणि विल्सन ज्या स्वयंनिर्णयाबद्दल बोलत होते तो भारतालाही मिळावा अशी मागणी केली. शेवटी व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांच्या. लंडनमध्ये मेडा व्हेल भागात हाउली प्लेसवर टिळक राहत होते त्या घरावर निळी पाटी आहे. जवळ राहणाऱ्यांनी लहान भावंडांना घेऊन एकदा बघून यावे.

आमचे म्हणणे असे की या दोन्ही गोष्टी एकाच विषयाच्या आहेत. एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडते. दुसरी आपल्याकडच्या मुलांना घरून मिळते. वर्गात ज्याच्याजवळ दोन्ही असतील तो जास्त चांगले प्रश्न विचारील.

आता 'उठाठेवी'बद्दल. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाचा निषेध करणाऱ्या ठरावावर मतदान झाले. १४१ देश बाजूने, ५ विरुद्ध आणि ३५ तटस्थ. ब्रिटन बाजूने होता, भारत तटस्थ. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्हांला विचारले गेले, "तुमचा देश असा का वागला?" इकडे आड तिकडे विहीर! 'तुमचा' म्हणजे कोणता, इथपासून सुरुवात. आमच्यातल्या काहींनी भारताची बाजू घेतली, काहींनी टीका केली, पण कारण मात्र कोणालाच नीट सांगता आले नाही.

या विषयात अशा प्रश्नाला हात कसा घालायचा ते शिकवतात. केनेथ वॉल्ट्झ नावाच्या अभ्यासकाने १९५९ च्या आपल्या पुस्तकात युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर शोधावीत असे मांडले: माणूस, राज्य आणि सर्व राज्यांची मिळून होणारी रचना. भारताच्या त्या मताकडे असे बघता येते. माणसांच्या पातळीवर, नेते कोण होते आणि त्यांना कशाची काळजी होती? राज्याच्या पातळीवर, भारतीय लष्कराकडची पुष्कळशी शस्त्रे रशियन बनावटीची आहेत आणि युद्ध सुरू झाले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी युक्रेनमध्ये अडकले होते. जगाच्या पातळीवर, २०२० मध्ये गलवानला चीनशी चकमक झालेली असल्यामुळे रशियाने पूर्णपणे चीनच्या बाजूला जाणे भारताला परवडणारे नव्हते. यावरून भारताचे बरोबर होते असे सिद्ध होत नाही. पण ज्याच्यावर टीका करायची किंवा ज्याची बाजू घ्यायची ते नक्की काय आहे, हे तरी कळते. आपल्यासारख्या दोन देशांत जीव असलेल्या मुलांना याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

शिवाय या उठाठेवी आपल्या घरापर्यंत येतात. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटन आणि भारत यांनी व्यापार करारावर सह्या केल्या. कंपनीने तात्पुरते इकडे पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत नॅशनल इन्शुरन्स भरावा लागू नये, असेही त्याच्याबरोबर ठरले. आपल्या वर्गातली किती कुटुंबे अशी पुण्याहून किंवा मुंबईहून आली आहेत, ते मोजून बघा. हे कलम कोणीतरी मागितले, कोणीतरी नाकारले, आणि कोणीतरी अनेक फेऱ्या बसून जुळवून आणले. ते शिकणे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे नव्हे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो: "पुढे करणार काय?" इथे आम्हांला खरे तेच सांगायचे आहे. ही पदवी घेतली की वकिलातीत नोकरी मिळते, हा गैरसमज आहे. ब्रिटिश सरकारच्या फास्ट स्ट्रीम परीक्षेला कोणत्याही विषयाची पदवी चालते. भारतीय परराष्ट्र सेवेसाठी भारताचे नागरिकत्व लागते. त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या आमच्यापैकी अनेकांना, ओ.सी.आय. कार्ड असले तरी, तो रस्ता बंद आहे. आणि जे मोठे झाले त्यांनी तरी पहिली पदवी कशात घेतली? २०१८ ते २०२० या काळात भारताचे परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले इतिहासाचे विद्यार्थी. २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री झालेले एस. जयशंकर आधी रसायनशास्त्र शिकले आणि आंतरराष्ट्रीय संबंधांकडे नंतर वळले.

पैशांचाही हिशेब मांडायला हवा. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. तीन वर्षांचे साडेअठ्ठावीस हजारांच्या वर, आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. २०२३ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना मर्यादेपेक्षा जास्त मिळकतीच्या ९ टक्के इतकी परतफेड करावी लागते, आणि उरलेले कर्ज ४० वर्षांनी माफ होते. चाळीस वर्षे म्हणजे आमचे केस पांढरे होईपर्यंत! डॉक्टर होणाऱ्याला पुढची नोकरी दिसत असते. हा विषय घेणाऱ्याला ती दिसत नाही. वृत्तपत्रे, मदतसंस्था, बँका, विमा, व्यापार, सरकारी खाती, अशा अनेक ठिकाणी ही मुले जातात, पण प्रत्येकाला आपली वाट स्वतः काढावी लागते. आई-बाबांची काळजी खोटी नाही.

मग आमचे मत काय? ही पदवी जरूर घ्यावी, पण नुसती घेऊ नये. तिच्याबरोबर एक भाषा आणि थोडे आकडे घ्यावेत. भाषा म्हणजे चिनी, अरबी, रशियन, फ्रेंच, जी झेपेल ती, पण वर्तमानपत्र वाचता येईल इतकी. आकडे म्हणजे संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र. भाषेशिवाय हा विषय शिकणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले आणि जपानला नेमणूक झाल्यावर जपानी शिकले. त्यांचे 'माती, पंख आणि आकाश' हे पुस्तक मोठ्या मुलांनी वाचावे. थोडे कठीण वाटेल, पण आई-बाबांच्या मदतीने जमेल.

आणि मराठी? इथे जी.सी.एस.ई.ला बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते, मराठी नाही. त्यामुळे रविवारच्या या वर्गाचे गुण कुठल्याच अर्जात धरले जात नाहीत. तरी आम्ही म्हणतो की या विषयासाठी मराठी कामाची आहे. एकच उदाहरण देतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून ती बंदी होती. पण लासलगावच्या बाजारात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे काय झाले, आणि भारताच्या कांद्यावर अवलंबून असलेल्या बांगलादेशात काय झाले? व्यापार, शेजारी देश आणि निवडणूक यांचा संबंध कसा असतो ते या एका कांद्यात दिसते. त्यातली नाशिककडची बाजू ज्याला मराठी वाचता येते त्याला शेतकऱ्याच्याच शब्दांत वाचता येईल. इतरांना कोणीतरी सांगेल तेव्हा.

लहान वर्गातल्या दोस्तांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. शिवजयंतीच्या नाटकात दरवर्षी कोणीतरी हेन्री ऑक्झिंडेन होतो, मोठी टोपी घालून येतो, मुजरा करतो आणि सगळे हसतात. १६७४ साली तो रायगडावर राज्याभिषेक बघायलाच फक्त आला नव्हता. तो कंपनीचा वकील होता. राजापूरची वखार लुटली गेली होती तिची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला तो आला होता. त्या काळी दुसऱ्या दरबारी पाठवलेल्या माणसाला वकील म्हणत, म्हणूनच परदेशी दूतावासाला आपण आजही वकिलात म्हणतो. यंदा नाटकात त्याला दोन वाक्ये जास्त द्यावीत, अशी बाईंना आमची विनंती आहे.

आई-बाबांना आमची विनंती वेगळी आहे. "नको" म्हणण्याआधी आमच्याबरोबर एखाद्या विद्यापीठाच्या ओपन डेला या आणि तिथे तीन प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. पदवीच्या गुणांत भाषेचा अभ्यास धरला जातो का? संख्याशास्त्र किंवा संशोधनाच्या पद्धती शिकवतात का? आशिया आणि आफ्रिकेचे विषय दरवर्षी शिकवले जातात, की फक्त माहितीपत्रकात छापलेले असतात? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर ती जागा आम्ही आपणहून यादीतून काढू. उत्तरे चांगली मिळाली, तर पाचांतला एक पर्याय आमच्या पसंतीचा असू द्या. उरलेले चार तुमच्याशी बोलूनच भरू.

— मोठ्या वर्गातील विद्यार्थी