'बंधनकारक' म्हणता ना, मग नियमाचा नंबर लिहा!

इथल्याच एका मराठी मित्राने १९५६ ची सेसना १७२ घेतली आहे. म्हणजे वयाने आम्हा दोघांपेक्षाही मोठी. पॅनल जरा नवं करावं म्हणून दुकानात गेला आणि विमानाच्या निम्म्या किमतीचं कोटेशन घेऊन परत आला. त्यातल्या अर्ध्या ओळींपुढे एकच शब्द: 'बंधनकारक'. कोणत्या नियमाने? ते कुठेच नाही.

मला आपल्याकडचा आरटीओबाहेरचा एजंट आठवला. तो सांगेल तो कायदा. फरक एवढाच की इथे टेबल स्वच्छ असतं आणि कॉफी मिळते.

अहो, एफएएचा नियम ९१.२०५ कोणालाही फुकट वाचता येतो. दिवसा, हवा स्वच्छ असताना, बाहेर बघून उडायचं असेल तर या विमानाला काय लागतं? एअरस्पीड इंडिकेटर, अल्टिमीटर, होकायंत्र, टॅकोमीटर, तेलाच्या दाबाचं गेज, तेलाच्या तापमानाचं गेज, प्रत्येक टाकीचं फ्युएल गेज. शिवाय सीट बेल्ट आणि ईएलटी. झालं. कृत्रिम क्षितिज यादीत नाही. वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारं व्हीएसआय तर ढगातून उडायच्या, आयएफआरच्या यादीतसुद्धा नाही! मित्राच्या कोटेशनमध्ये तेही 'बंधनकारक' होतं.

आता दुसरी बाजू, कारण आमच्या हँगरमधले पंडित काही कमी नाहीत. "९१.२०५ मध्ये नाही ना? मग उपटून टाक." हेही तितकंच चूक. ९१.२०५ हा तळ आहे, छत नव्हे. बिघडलेल्या उपकरणासह उडता येईल का हे ठरवणारा नियम ९१.२१३ चार प्रश्न विचारतो, आणि पॅनल बदलतानाही तेच विचारायला हवेत. विमान ज्या नियमांखाली प्रमाणित झालं (या सेसनाच्या बाबतीत जुना सीएआर ३) त्यांत ते उपकरण मागितलंय का? विमानाच्या इक्विपमेंट लिस्टमध्ये ते 'आवश्यक' म्हणून आहे का? ९१.२०५ किंवा त्याच भागातला दुसरा कोणता नियम ते मागतो का? आणि एखाद्या एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हने ते लादलंय का? याखेरीज मधल्या साठ-सत्तर वर्षांत कोणी एसटीसीवर इंजिन किंवा प्रोपेलर बदललं असेल, तर त्या कागदातही एखादं गेज किंवा पाटी लपलेली असते. लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचावीच लागतात. कंटाळा येतो, पण दुसरा रस्ता नाही.

हँगरमधली सगळ्यात घातक थाप फ्युएल गेजची. "कायद्याने ते फक्त टाकी रिकामी असतानाच बरोबर दाखवायला हवं." मी स्वतः हे काही वर्षं खरं मानत होतो. मूळ वाक्य असं नाहीच. वापरता न येणारं इंधन तेवढं उरलं की काटा शून्यावर हवा, एवढंच ते सांगतं. म्हणजे शून्य कुठे मानायचं ते. आणि ९१.२०५ प्रत्येक टाकीत किती इंधन आहे ते दाखवणारं गेज मागतो. इंधन संपून विमानं शेतात उतरतात, कधी उतरतही नाहीत, आणि आपण ही थाप चहाबरोबर पुढच्याला देतो.

तसंच इंजिन मॉनिटरचं. सुंदर रंगीत स्क्रीन लावली म्हणून जुनी गेजेस काढता येत नाहीत. तो मॉनिटर 'प्रायमरी' म्हणून मंजूर असेल तरच काढता येतात. जेपीआयचं ईडीएम ९०० तसं मंजूर आहे, ७०० नाही. हे विकत घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

एडीएस-बी १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई हद्दींत लागतं. तिकडे जायचंच नसेल तर नाही. कोटेशनवाल्याने विचारलं का, कुठे उडतोस म्हणून? नाही.

आणि एफएएलाही मी सोडणार नाही. व्हॅक्यूम पंप न सांगता बंद पडतो, मग कृत्रिम क्षितिज हळूहळू कलंडतं, आणि ढगात त्याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्याच्यामागे कलंडतो. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कित्येक वर्षं परवानगीचे कागद उपकरणापेक्षा महाग पडायचे, म्हणून लोक तोच जुना जायरो दुरुस्त करून बसवायचे. २०१६ मध्ये ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेने डायनॉन डी१०ए साठी एसटीसी मिळवलं तेव्हा दार किलकिलं झालं, त्याच वर्षी गार्मिनचं जी५ आलं. जे उपकरण घरी बांधलेल्या विमानांत आधीपासून बिनबोभाट चालत होतं, ते सेसनात लावायला इतकी वर्षं का लागावीत? आणि आजही एका जुन्या मॉडेलला नेमकं काय लागतं ते एका पानावर का मिळू नये? माहिती सगळी यांच्याचकडे आहे, पाच ठिकाणी विखुरलेली. त्या विखुरण्यावरच 'बंधनकारक' शब्दाचा धंदा चालतो.

मित्राला मी सांगितलं, कृत्रिम क्षितिज नवं इलेक्ट्रॉनिक जरूर लाव, कायद्यासाठी नाही, तुझ्या पोरांसाठी. बाकी कोटेशन त्याने काल परत पाठवलंय. प्रत्येक 'बंधनकारक' पुढे एक रिकामा रकाना आखून: नियम क्रमांक. उत्तर आलं की इथेच टाकतो.