गादी गेली, गुमास्ता उभा राहिला

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या इंदूरच्या बाजाराला जी जाग येते ती लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत मिटत नाही. राजवाड्यासमोर पाऊल टाकायला जागा उरत नाही, सीतलामाता बाजारात माणसाला माणूस खेटून चालतो, आणि पुष्य नक्षत्राच्या दिवशी सराफ्यात घासाघीस करायलाही कोणाला फुरसत नसते. या शोभेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला लिहायचे आहे ते काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाविषयी, आणि मुख्यतः तो उभा असतो याविषयीच.

आमच्या वयाच्या वाचकांना गादीचे दुकान समजावून सांगायला नको. पांढरी स्वच्छ चादर, भिंतीशी लोड, गल्ल्यापाशी शेठ, उतरत्या मेजावर वही घेऊन मुनीम, आणि चपला बाहेर काढून मांडी घालून बसलेले आपण. समोर थाने उलगडणारा गुमास्ता असे तोही त्याच गादीवर. त्याचे दिवस सुखाचे होते असे कोणी समजू नये. पगार तुटपुंजा, शेठची बोलणी रोजची, आणि फळीवरून माल काढायला शंभर वेळा उठबस. पण बसणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नसे. पुढे काचेची कपाटे आली, लांबलचक काउंटर आले, आणि काउंटरच्या मागे राहिली हातभर रुंदीची एक गल्ली, जिच्यात माणूस उभाच राहू शकतो. गिऱ्हाइकासाठी मात्र काउंटरपुढे गोल स्टुले मांडली गेली. दुकान सुधारले असे आपण सर्वांनी म्हटले. त्या सुधारणेत विकणाऱ्याची बैठक गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही.

मराठी गिऱ्हाईक ओळखू आले की आमच्या बाजारातला हिंदीभाषक विक्रेतासुद्धा मोठ्या अगत्याने “या काकू, बसा” म्हणतो. हा ‘बसा’ तो दिवसातून किती वेळा म्हणत असेल देव जाणे! सकाळी दहाला उघडलेले दुकान धनत्रयोदशीच्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत सहज चालते. शटर अर्धे खाली आल्यावर आपण समजतो की झाले. वास्तविक त्याचे दुसरे काम तेव्हा सुरू होते. दिवसभर आपण उलगडायला लावलेल्या आणि न घेतलेल्या साड्यांचा जो डोंगर साचलेला असतो, त्यातली प्रत्येक साडी झटकायची, काठाला काठ जुळवायचा, मूळच्या मोडीवर घडी घालायची आणि आपापल्या खणात लावायची. घडी चुकली तर उद्या ती साडी जुनी दिसते. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा, तिची घडी तरी लवकर बसते. जरीच्या साडीला दोन माणसे लागतात. हे आटोपून तो घरी जातो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. नरक चतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान करावे, असे आपण मुलांना सांगतो. त्या पहाटे हा माणूस मेल्यासारखा झोपलेला असतो. त्याच्या मुलांचे कपडे बहुधा शेवटच्या रात्री, गर्दी ओसरल्यावर, उरल्यासुरल्या मालातून घेतले जातात.

सणात पाय सुजणे, शिरा तटतटणे, कंबर धरणे हे या लोकांत इतके नित्याचे आहे की ते त्याला दुखणेही म्हणत नाहीत. मुलींचे आणखी अवघड. पुष्कळ दुकानांत स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात.

कायदा नाही असे नाही. मध्य प्रदेशात १९५८ साली दुकाने व आस्थापना यांचा कायदा झाला, त्याला बाजारात सारे ‘गुमास्ता कायदा’ म्हणतात. आता शब्दाचे नशीब पाहा. “गुमास्ता झाला का?” असे आज कोणी विचारले तर त्याचा अर्थ दुकानाचा परवाना निघाला का, एवढाच असतो. ज्याच्यासाठी कायदा झाला त्याचे नाव चौकटीत बसून मालकाच्या डोक्यामागे भिंतीवर टांगले गेले!

दूर दक्षिणेत मात्र काही घडले आहे. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या स्त्रियांना जमवले. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, नंतरची बसण्याची. वर्षानुवर्षे त्यांनी ही गोष्ट लावून धरली आणि २०१८ साली केरळाने आपल्या दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. इंग्लंडात तर १८९९ सालीच, दुकानातील दर तीन स्त्रियांमागे एक आसन असले पाहिजे, असा कायदा झाला होता. आम्हांला या इंग्रजी दाखल्याचे फारसे अप्रूप नाही. ज्यांच्या बाजारात गादी होती त्यांनी स्टूल मागायला विलायतेकडे कशाला पाहावे?

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, या पंधरा दिवसांच्या विक्रीवर पुढचे कित्येक महिने काढायचे असतात. त्यातून आता लोक घरबसल्या मोबाईलवर माल मागवतात. आम्हीही सणात उभेच असतो. हे सर्व खरे आहे. परंतु स्टुलाची गोष्ट काढली की जे उत्तर मिळते ते वेगळे असते. “बसलेला माणूस आळशी दिसतो, गिऱ्हाइकाला ते आवडत नाही.” म्हणजे त्याला उभे ठेवले जाते ते तुमच्या-आमच्या नावावर! गिऱ्हाईक नसताना दोन घटका टेकलेला मुलगा पाहून आपला अपमान होतो, असे आपल्याविषयी परस्पर ठरवले गेले आहे. आपल्यापैकी कोणी तसे म्हटल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.

बोनसचीही तीच तऱ्हा. १९६५ च्या कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी सुमारे एका महिन्याचा पगार, बोनस ठरवून दिला. पण तो वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना. २०१९ च्या वेतन संहितेनेही ही विसाची रेषा तशीच ठेवली. गिरणीतल्या माणसाने दिवाळीचा बोनस हक्काने मागितला. राजवाड्याभोवतीच्या सात-आठ माणसांच्या दुकानात मात्र तो शेठच्या मर्जीवर, मिठाईच्या पुड्यासोबत येतो. शेठ उदार असेल तर उत्तम. नसेल तर पुडा तरी असतोच.

आमची जुनी मराठी कुटुंबे नोकरीपेशाची. होळकर दरबार, शाळा, कचेऱ्या, रेल्वे यांत वाडवडिलांची आयुष्ये गेली. दुकानात उभे राहणारा कोणी आपल्या नात्यातला नसे, त्यामुळे त्याच्या पायांकडे आपले लक्ष गेले नाही, असे आम्हांला वाटते. आता तसे राहिलेले नाही. रामबागेतल्या, नारायण बागेतल्या घरांतून शिकलेल्या मुली मोठ्या दुकानांत, मॉलमध्ये कामाला जातात आणि भाऊबीजेला भावाला “रात्री उशिरा ये, आधी सुटका नाही” असा निरोप धाडतात. आईने ताट वाढून ठेवावे आणि मुलीने आधी पाय गरम पाण्यात सोडून बसावे, हे काही घरांत दर दिवाळीला घडते आहे.

तेव्हा यंदा एवढे करून पाहण्यासारखे आहे. मोठी खरेदी पुष्य नक्षत्राच्या आधी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी उरकावी. काय रंग हवा, किती रुपयांपर्यंत हवे, हे घरून ठरवून निघावे; चाळीस साड्या उलगडवून “फिरून येतो” म्हणण्याची आपली जुनी खोड जरा आवरावी. (ही खोड बायकांचीच, असे म्हणणाऱ्यांनी पुरुषांना सूटचे कापड निवडताना पाहिलेले नाही.) रात्री नऊनंतर दुकानाची पायरी चढू नये. आणि शेठ गल्ल्यावरून “बसा काकू” म्हणाले की त्यांना सर्वांदेखत सांगावे, “आम्ही बसतो, पण या मुलालाही एक स्टूल द्या, आमची काही हरकत नाही.” दहा घरच्या बायकांनी एकाच आठवड्यात हे म्हटले, तर गिऱ्हाइकाला आवडत नाही, ही सबब शेठना पुन्हा सांगता येणार नाही.