छंदांची पोतडी : दोऱ्यामागचा दोरा

काय दोस्तांनो, पतंगांचे दिवस संपले, फिरक्या माळ्यावर गेल्या आणि आमच्या पोतडीत पत्रांचा ढीग पडला! त्यातलं एक पत्र मात्र अगदी वेगळं निघालं. नाशिक जिल्ह्यातला नववीतला एक वाचकमित्र लिहितो, ‘माझे मामा कुलूजवळ नोकरीला आहेत. त्यांनी मला ट्राउट मासे पकडायचं जुनं फ्लाय रीळ दिलंय. तळहातावर मावेल एवढंसं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जाणार. मामा म्हणतात, दोरा नवा आणलाय, पण त्याच्याखाली बॅकिंग हवं. दुकानात तीन तऱ्हेचं मिळतं. कुठलं घेऊ? आणि जे कुणाला दिसतच नाही, ते हवंच कशाला?’

शाब्बास! प्रश्न विचारावा तर असा.

ज्यांनी फ्लाय फिशिंग कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नेहमीच्या गळाला आमिष असतं, शिशाचा तुकडा असतो. ते वजन भिरकावलं की दोरा मागोमाग जातो. इथे मात्र गळावर पिसं आणि रंगीत धागे गुंडाळून एक खोटी माशी केलेली असते. तिचं वजन जवळजवळ शून्य. मग ती लांब जाणार कशी? म्हणून वजन दोऱ्यालाच दिलेलं असतं. ही फ्लाय लाइन चांगली जाड, वर प्लास्टिकचा लेप दिलेली, साधारण २७ मीटर लांब असते. चाबकासारखी मागे-पुढे झुलवून ती पाण्यावर अलगद टाकायची. तिच्या पुढच्या टोकाला दोन-तीन मीटर बारीक, पारदर्शक लीडर, आणि लीडरच्या टोकाला माशी. मागच्या टोकाला, म्हणजे रिळाच्या अगदी पोटात, जो दोरा असतो तो बॅकिंग.

पतंगवाल्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. फिरकी म्हणा, चक्री म्हणा, नाहीतर येवल्याकडे म्हणतात तशी आसारी म्हणा. तिच्यावर महागातला मांजा वरच्या टोकाला थोडाच असतो. खाली सगळा साधा दोरा. ढील देत गेलं की तो हाताशी येतो. बॅकिंगचं एक काम तेच. मोठा मासा २७ मीटरच्या पलीकडे पळाला, तर पुढचा दोरा ते पुरवतं.

पण लहान रिळात त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. इथे जरा गणित करू या, घाबरू नका. फ्लाय रिळाला गिअर नसतात. मूठ एकदा फिरवली की गाभाही एकदाच फिरतो. समजा, रिकाम्या गाभ्याचा व्यास अडीच सेंटिमीटर आहे. व्यासाला ३.१४ ने गुणा. एका फेऱ्यात जेमतेम ८ सेंटिमीटर दोरा आत येईल. म्हणजे १० मीटर दोरा गुंडाळायला सव्वाशेच्या वर फेरे! आता त्याच गाभ्यावर बॅकिंग भरून व्यास ५ सेंटिमीटर केला, तर एका फेऱ्यात १५.७ सेंटिमीटर दोरा येतो आणि ६४ फेऱ्यांत काम भागतं. (दोरा चढत जाईल तसा व्यास वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतील. तुमचे गणिताचे सर हे वाचत असतील म्हणून आधीच सांगून टाकलं!) शिवाय जाड फ्लाय लाइन बारीक गाभ्यावर घट्ट गुंडाळून ठेवली की तिला स्प्रिंगसारखी वेटोळी पडतात. मग ती सरळ जाऊन पडेल कशाला!

आता तुम्ही म्हणाल, जागाच भरायची तर घरातला कुठलाही दोरा भरला म्हणून काय बिघडलं? मीसुद्धा अगदी असंच म्हणालो होतो. ते महागात पडलं, पण मला नाही.

हिमाचलात तीर्थन नावाची नदी आहे. पुढे लारजीपाशी ती बियास नदीच्या पाण्याला मिळते. तिच्यातले ब्राउन ट्राउट मूळचे युरोपातले. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ते काश्मिरात आणले आणि १९०९ साली तिथून कुलूच्या खोऱ्यात. थंडगार, खळाळतं पाणी लागतं त्यांना. आपल्या गोदावरीत ते तग धरणार नाहीत. तर त्या तीर्थनवर मी माझं छोटं रीळ घेऊन उभा होतो. आत काय भरलं होतं? बाजारातला साधा नायलॉन दोरा, जेमतेम पंधरा मीटर. फ्लाय लाइनला तो एका साध्या गाठीने बांधलेला. आत कोण बघतंय, असा हिशेब.

संध्याकाळी एक मोठा मासा लागला. लागला तो थेट प्रवाहाबरोबर खाली धावला. फ्लाय लाइन संपली, नायलॉन सुरू झाला, आणि हाताला एकदम सगळं हलकं लागलं. लीडर तुटला नव्हता. माझी ती साधी गाठ सरकली होती. मासा निघून गेला, पण एकटा नाही. तोंडात गळ, आणि मागे अख्खी २७ मीटर लाइन!

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एका मुलाने हाक मारली. तो मला खाली घेऊन गेला. पाण्यात अडकलेल्या एका ओंडक्याभोवती माझी पिवळी लाइन चार-पाच वेढे घालून बसली होती आणि तिच्या टोकाला तो ट्राउट होता. मेलेला. मुलगा काही बोलला नाही. त्याने लाइन सोडवली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. दोरा कुठेतरी तुटणारच असेल, तर तो माशाच्या तोंडापाशी तुटायला हवा. मग माशाला फक्त एवढासा गळ लागलेला राहतो, आणि त्याचा काटा आधीच पक्कडने दाबून टाकलेला असला तर तोही बऱ्याचदा निसटतो. तुमच्या छोट्या रिळाच्या लीडरचं टोक दोन-अडीच किलोंच्या ओढीला तुटतं. त्याच्या मागचं सगळं, म्हणजे लाइन, बॅकिंग आणि प्रत्येक गाठ, त्याहून चांगलंच दणकट पाहिजे.

या हिशेबाने दुकानातल्या तीन तऱ्हा बघा. नायलॉन तर नकोच. तो ताणला जातो आणि ताणलेलाच रिळावर बसतो. मग आकसताना गाभ्याला असा आवळतो की हलकं रीळ चक्क वाकूही शकतं.

दुसरं ते जेल-स्पन. हे पॉलिथिलीनच्या कुळातलं, पण खास रीतीने ओढून काढलेल्या तंतूंचं. केसासारखं बारीक आणि भलतंच मजबूत. दुकानदार तेच पुढे करील, कारण ते महाग! समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी दोनशे-तीनशे मीटर दोरा मावायला हवा, तेव्हा ते ठीक. छोट्या रिळात त्याचा तोटाच जास्त. बारीक असल्यामुळे जागा भरत नाही, गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते, आणि जोरात पळताना बोट मध्ये आलं तर सुरीसारखं कापतं.

राहिलं डेक्रॉन. विणलेलं, मऊ, फारसं न ताणणारं. आजोबांना विचारा, त्यांच्याकडे टेरिलीनचा शर्ट होता का. डेक्रॉन म्हणजे तोच धागा! इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधला. तिकडे त्याचं टेरिलीन झालं, अमेरिकेत डेक्रॉन. बॅकिंगच्या गुंडीवर २० पौंड किंवा ३० पौंड असं छापलेलं असतं. २० पौंड म्हणजे ९ किलो. लीडर अडीच किलोला तुटतो, मग ३० पौंडांचं घेऊन काय करायचं? ते जाड असतं आणि रिळात कमी मावतं. तेव्हा २० पौंडांचं डेक्रॉन घ्या, आणि फ्लाय लाइनहून वेगळ्या, भडक रंगाचं घ्या. म्हणजे ते बाहेर आलेलं लगेच कळेल.

किती भरायचं? छोट्या रिळात बहुधा ४०-५० मीटर जातं, पण अंदाजावर जाऊ नका. एक युक्ती सांगतो. आधी फ्लाय लाइनच उलटी गुंडाळा, म्हणजे माशीकडचं टोक गाभ्याशी. तिला बॅकिंग तात्पुरतं बांधा आणि काठापासून पाच मिलिमीटर जागा राहीपर्यंत गुंडाळत जा. तिथे कापा. मग सगळं उलगडून अंगणात पसरा आणि या वेळी बॅकिंगपासून सुरुवात करून पुन्हा भरा. माप बरोबर येतं. वेळ लागतो खरा, आणि घरात मांजर असेल तर फारच लागतो.

ती पाच मिलिमीटर जागा गिळू नका हं. मासा ओढत असताना दोरा एका बाजूला ढिगासारखा चढतो आणि रिळाच्या चौकटीला घासतो. बॅकिंग भरताना धाकट्या भावाला गुंडी धरायला लावा, दोरा ताणलेला राहू द्या आणि तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सारखा पसरवा. सैल भरलं तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि ऐन वेळी रीळ अडकतं.

आता गाठी. गाभ्याभोवती दोरा नेऊन त्याच्या टोकाने मुख्य दोऱ्यावर एक साधी गाठ मारा. अगदी टोकाला आणखी एक मारा, म्हणजे पहिली सरकत येऊन तिथे अडकेल. बॅकिंग आणि फ्लाय लाइन जोडायला मात्र निरगाठ चालत नाही. शीतपेयाची बारीक नळी लाइनला चिकटवून धरा, दोघांभोवती बॅकिंगचे सात वेढे घ्या, टोक नळीतून परत आणा, नळी हळूच काढा आणि ओलं करून आवळा. वेढे एकमेकांवर चढले तर कापून पुन्हा करा. मग मामांना एक टोक धरायला सांगा आणि जोर लावून ओढा. नव्या लाइनच्या मागे तयार फासा असला, तर बॅकिंगलाही फासा करून एकमेकांत अडकवला की झालं.

जाता जाता, मित्रा, तुझ्या रिळाला भोकं आहेत का बघ. १८७४ साली अमेरिकेतल्या चार्ल्स ऑर्विसने भोकांच्या अरुंद रिळाचं पेटंट घेतलं. तेव्हाचे दोरे रेशमाचे, ओले राहिले की कुजायचे. भोकांतून वारा लागून ते वाळत. डेक्रॉन कुजत नाही, तरी संध्याकाळी रीळ वाऱ्यावर ठेव.

हिमाचलात ट्राउटचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर असतो, तेव्हा मे महिना उत्तम. मत्स्य विभागाचा परवाना मामांना आधीच काढून ठेवायला सांग. आणि गाठ ओढून पाहिल्यावर काय झालं, ते मला पोस्टकार्डावर कळव!