आकाशातील फुली

पुणे-नाशिक मार्गावर नारायणगावहून पूर्वेकडे वळले की खोडद परिसरात, शेतांच्या मधोमध, तारांच्या जाळीने विणलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३० तबकड्यांपैकी १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती आवारात असून उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तेथे जाऊन आलेली कुटुंबे या मासिकाच्या वाचकांतही असतील. तेथे डोळा लावून पाहण्याची सोय नाही, हे कळल्यावर मुले थोडी हिरमुसतात. ही दुर्बीण प्रकाश टिपत नाही. ती रेडिओ लहरी टिपते, आणि त्यांतून जे चित्र उभे राहते ते प्रकाशातील चित्राहून सर्वस्वी निराळे असते.

हे निराळेपण प्रथम ठळकपणे लक्षात आणून देणाऱ्यांत एक भारतीय होते. १९५३ साली इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांनी हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ या बलवान रेडिओ स्रोताचे मोजमाप केले. तो स्रोत एक नसून एकमेकांपासून दूर असलेले दोन ठिपके आहेत, असे आढळले. गंमत अशी की प्रकाशात दिसणारी दीर्घिका त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत होती. पेढी एकीकडे आणि तिची गोदामे गावाच्या दोन टोकांना, असा तो प्रकार.

याचा उलगडा पुढील दशकांत होत गेला. दीर्घिकेच्या केंद्रस्थानी कोट्यवधी, प्रसंगी अब्जावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याभोवती तप्त वायूची तबकडी फिरते, आणि त्या तबकडीला काटकोनात, परस्परविरुद्ध दिशांना, द्रव्याचे दोन झोत प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या गतीने बाहेर पडतात. लाखो प्रकाशवर्षे गेल्यावर भोवतीच्या विरळ वायूने ते अडतात आणि तेथे फुगवट्यासारख्या दोन पाकळ्या तयार होतात. या पाकळ्या भरण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. पल्योपम आणि सागरोपम या कालमानांचा उल्लेख प्रवचनांत ऐकत वाढलेल्या वाचकांना या आकड्याने दचकण्याचे कारण नाही.

महत्त्वाची गोष्ट झोतांच्या दिशेची. ती कृष्णविवराच्या परिवलनाच्या अक्षाशी बांधलेली असते. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सहजासहजी सोडत नाही. मग एवढ्या वस्तुमानाचा भोवरा तो का सोडील? म्हणूनच बहुतेक रेडिओ दीर्घिका सरळ रेषेत पसरलेल्या दिसतात. परंतु काही मोजक्या दीर्घिका या शिस्तीत बसत नाहीत. त्यांना दोनऐवजी चार पाकळ्या असतात: दोन तेजस्वी, आणि त्यांना छेद देणाऱ्या दोन मंद. आकाशात कोणी फुली मारून ठेवावी तशी ती आकृती दिसते. शास्त्रज्ञ इंग्रजी अक्षरावरून तिला ‘एक्स’ आकाराची रेडिओ दीर्घिका म्हणतात.

या फुलीचा एक अर्थ मोठा मोहक आहे. दोन दीर्घिका परस्परांत मिसळल्या की त्यांची कृष्णविवरेही कालांतराने एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि अखेरीस एक होतात. एकमेकांभोवती फिरण्याचा जो कोनीय संवेग असतो, त्याचा मोठा हिस्सा नव्या कृष्णविवराच्या परिवलनात जमा होतो. त्यामुळे अक्ष एकाएकी भलत्याच दिशेला वळू शकतो. दोन बँकांचे विलीनीकरण झाल्यावर एका रात्रीत पाटी बदलावी, तसे. जुन्या दिशेच्या पाकळ्या मागे राहून विझू लागतात आणि नव्या दिशेला नव्या भरू लागतात. डेव्हिड मेरिट आणि रॉन एकर्स यांनी २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ही मांडणी केली. विलीन होणारे दुसरे कृष्णविवर आकाराने बरेच लहान असले तरी अक्ष वळवण्यास ते पुरेसे ठरू शकते, असे त्यांचे गणित होते.

ही मांडणी ग्राह्य धरली तर प्रत्येक फुली म्हणजे झालेल्या विलीनीकरणाचा नोंदणीकृत दस्तऐवज ठरतो. फुल्या मोजाव्यात, त्यावरून कृष्णविवरे किती वेळा एक होतात याचा दर काढावा, आणि त्या दरावरून विश्वात गुरुत्वीय लहरींची एकूण गजबज किती असावी याचा अंदाज बांधावा. १९९२ सालच्या एका अभ्यासात विशिष्ट प्रतीच्या रेडिओ दीर्घिकांत फुल्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के धरले होते. अंदाजाचा सारा डोलारा या तारणावर उभा राहणार होता. तेव्हा तारण पारखून घेणे प्राप्तच होते.

शंका तशी आधीपासून होती. १९८४ साली लेही आणि विल्यम्स यांनी साधा खुलासा सुचवला होता. पाइपमधील पाण्याची धार भिंतीवर जोराने सोडली की पाणी उलटून मागे येते आणि वाट मिळेल तिकडे पसरते. झोतांतील द्रव्यही टोकाला अडून असेच मागे परतते. दीर्घिकेच्या सभोवतालचा दाट वायू वाटेत आला की ते बाजूला वळते आणि मंद पाकळ्या तयार होतात. येथे अक्ष बदलण्याची गरजच नाही, विलीनीकरणाचीही नाही. दक्षिण आफ्रिकेतील ६४ तबकड्यांच्या मीरकॅट दुर्बिणीने ‘पीकेएस २०१४-५५’ या सुमारे ८० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेचे जे चित्र २०२० साली दाखवले, त्यात परतणारे द्रव्य दोन बूमरँगांसारखे वळताना अगदी स्पष्ट दिसते. त्या एका दीर्घिकेपुरता तरी वाद मिटला.

इतर ठिकाणी मात्र परीक्षा घ्यावी लागते, आणि ती खोडदला घेतली गेली. पाकळीतील विजाणूंपैकी अधिक ऊर्जेचे विजाणू लवकर थकतात. म्हणून पाकळी जुनी झाली की उच्च वारंवारतेला ती आधी मंदावते, नीच वारंवारतेला मात्र रेंगाळत राहते. दोन वारंवारतांवरील तेजाची तुलना केली की पाकळीच्या वयाचा अंदाज येतो. जुन्या वहीतील शाईचा रंग पाहून नोंद केव्हाची हे ओळखावे, तसा. अक्ष वळला असेल तर मंद पाकळ्या जुन्या निघाल्या पाहिजेत. धर्मवीर लाल आणि ए. प्रमेश राव यांनी जीएमआरटीवर २४० आणि ६१० मेगाहर्ट्झला त्या वेळी ज्ञात असलेल्या जवळजवळ सर्व फुल्या तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींत मंद पाकळ्या अपेक्षेप्रमाणे जुन्या दिसल्या. काहींत दोन्ही जोड्या सारख्याच निघाल्या. आणि काहींत हिशेब चक्क उलटा लागला: ज्या जुन्या असायला हव्यात त्यांच्याच लहरी अधिक ताज्या! दोन कृष्णविवरे अजून वेगवेगळीच असून दोघांचेही झोत एकाच वेळी चालू असावेत, अशी शक्यता त्यांनी अशा काही दीर्घिकांबाबत मांडली.

पुढचा धक्का २०१५ साली बसला. डेव्हिड रॉबर्ट्स आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील लक्ष्मी सारिपल्ली व रवी सुब्रह्मण्यन यांनी फुलीसारख्या वाटणाऱ्या ५२ स्रोतांची अधिक बारकाव्याची चित्रे काढून पाहिली. त्यांतील फार तर २१ टक्के खऱ्या फुल्या असू शकतात, असे त्यांना आढळले. त्या हिशेबाने, अक्ष बदलल्यामुळे फुली झालेल्या स्रोतांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून सुमारे १.३ टक्क्यांच्या आत आले. तारणाचे मूल्य एका फेरमूल्यांकनात पाचव्या हिश्शाच्याही खाली.

याचा अर्थ अक्ष हलतच नाहीत असा नव्हे. काही दीर्घिकांचे झोत ‘एस’ अक्षरासारखे वळलेले दिसतात. तेथे मंदावत्या भोवऱ्याप्रमाणे अक्ष सावकाश घुमत असावा असे मानले जाते. ‘एम ८७’ या साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा २०१९ साली जगभर गाजली. त्याच्या झोताची २००० ते २०२२ या काळातील निरीक्षणे तपासल्यावर तो सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाने डोलतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथे वायूची तबकडी कृष्णविवराच्या अक्षाला किंचित तिरकी आहे, एवढ्याने हे डोलणे होते. दुसऱ्या कृष्णविवराची आवश्यकता नाही. उलट ‘एनजीसी ३२६’ येथे एकमेकींना बिलगलेल्या दोन दीर्घिका प्रत्यक्ष दिसतात, आणि १९७८ पासून ती अक्ष घुमल्याचे उदाहरण म्हणून दाखवली जाई. युरोपातील लोफार दुर्बिणीने २०१९ साली तिची मंद शेपटे कितीतरी दूरवर पसरलेली दाखवली, तेव्हा त्या आकाराचे श्रेय भोवतालच्या वायूच्या हालचालींकडे जाऊ लागले. साक्षीदार दारात उभा, तरी गुन्हा त्याचा नव्हे!

दोन्ही खुलासे खरे मानून ‘हा तर अनेकान्तच’ म्हणण्याचा मोह जैन वाचकाला होईल. पण अनेकान्त म्हणजे ‘हेही बरोबर, तेही बरोबर’ अशी सोयीची तडजोड नव्हे. कोणत्या अपेक्षेने, कोणत्या स्थळी काय खरे, हे नेमके सांगण्याची ती जबाबदारी आहे. एकेका दीर्घिकेसाठी एकेक निवाडा करणारे हे संशोधक त्याच कष्टाच्या वाटेने चालले आहेत.

आणि तारण कमी भरले म्हणून कर्जदार निर्धन ठरत नाही. २९ जून २०२३ रोजी जगातील अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केले की स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांत अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा आढळतो आहे. युरोपीय गटाबरोबर त्यात इंडियन पल्सार टायमिंग ॲरे होता, आणि त्याची निरीक्षणे खोडदचीच. या लहरींचे एक आंदोलन पुरे होण्यास वर्षे लागतात. एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा त्यांचा सर्वांत संभाव्य उगम समजला जातो, आणि त्यांचे बळ पूर्वीच्या अंदाजांच्या वरच्या टोकाला आले आहे. फुल्यांची संख्या घटली, गुंजन मात्र अपेक्षेहून मोठे. फुली ही विलीनीकरणानंतरची खूण, तर गुंजन त्याआधीच्या फेऱ्यांचे. शिवाय ज्यांचे झोत बंद आहेत अशी कृष्णविवरे एक झाली तर त्यांची फुली उमटणारच नाही. या दोन टोकांमधील हिशेब अद्याप जुळायचा आहे, आणि खोडदच्या त्याच तबकड्या कधी फुलीकडे, कधी स्पंदकाकडे तोंड करून त्याच्या नोंदी घेत आहेत.