पाच दिवसांची अमानत

मागच्या महिन्यात आमच्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा शाळेत आले. मुलीला ब्लड कॅन्सर आहे आणि मुंबईत इलाज चालू आहे, हे आम्हांला माहीत होते. ते म्हणाले, "सर, आज रक्त नको. प्लेटलेट पाहिजेत. देणारा कुणी मिळेल का?" आम्ही पटकन म्हणालो, "अहो, पंधरा ऑगस्टला आपल्या मोहल्ल्यात एवढे मोठे शिबिर झाले. त्यातल्या मिळतील की!" ते क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या इतक्या दिवस टिकत नाहीत, सर."

मुलांना शिकवणाऱ्या आम्हांला ही गोष्ट ठाऊक नव्हती, याची शरम वाटली. म्हणून या वेळी हा विषय.

पाठ्यपुस्तकात प्लेटलेटला 'रक्तपट्टिका' म्हणतात. जखम झाली की रक्त थांबवण्यासाठी सर्वांत आधी त्याच धावतात. निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. ब्लड कॅन्सरमध्ये बिघडलेल्या पेशी ही मज्जा व्यापून टाकतात, आणि कॅन्सरच्या औषधांनीही प्लेटलेट घटतात. मग काही लागलेले नसतानाही नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीव जातो.

हे कोडे उलगडणाऱ्यांत डॉ. एमिल फ्रायराइक यांचे नाव मोठे आहे. 1927 साली शिकागोत एका गरीब स्थलांतरित घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले आणि आई कारखान्यात राबू लागली. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी या मुलाची हुशारी ओळखून त्याला कॉलेजात जायला सांगितले. पैसे नव्हते. एका बाईंनी पंचवीस डॉलर दिले आणि मुलगा शिकायला गेला. कुणाच्या छोट्या मदतीतून काय उभे राहील, ते अल्लाहच जाणे.

1955 साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुजू झाले. ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या वॉर्डात उशा, चादरी रक्ताने माखलेल्या असत. बरीच मुले कॅन्सरने मरण्याआधी रक्तस्रावानेच दगावत. फ्रायराइक यांना वाटले, या मुलांच्या रक्तात प्लेटलेटच कमी आहेत. वरिष्ठांना ते पटेना. तेव्हा त्यांनी स्वतःचे रक्त मुलांच्या रक्तात मिसळून तपासले, तर गोठण्यातला दोष दूर झाला. पुढे दिसले की ठेवलेल्या जुन्या रक्ताचा उपयोग होत नाही, ताज्याचा होतो. प्लेटलेट जितक्या कमी, तितका रक्तस्राव जास्त, हे त्यांनी सहकाऱ्यांसह 1962 साली आकडेवारीनिशी मांडले.

त्याच सुमारास आयबीएम कंपनीतले इंजिनिअर जॉर्ज जडसन यांच्या मुलाला ल्युकेमिया झाला. या बापाने हातपाय गाळले नाहीत. तो फ्रायराइक यांच्या सोबत कामाला लागला आणि रक्तातले घटक वेगळे करणारे यंत्र तयार झाले. प्लेटलेट मिळू लागल्या, म्हणून एकाच वेळी चार-चार जालीम औषधे देण्याची हिंमत डॉक्टरांना करता आली. पूर्वी जो आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूल हिरावून नेई, त्या बालपणीच्या ल्युकेमियाच्या मुख्य प्रकारात आज चांगल्या उपचारांनी बहुसंख्य मुले बरी होतात. फ्रायराइक 2021 साली वारले.

एवढे झाले, तरी एक गोष्ट बदललेली नाही. इस्पितळांना लागणाऱ्या प्लेटलेट आजही कारखान्यात बनत नाहीत, माणसाकडूनच घ्याव्या लागतात. फ्रिजमधल्या तांबड्या पेशी महिनाभर चालतात. प्लेटलेट मात्र सतत हलवत ठेवूनही साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे वर्षातून एकदा भरणारे शिबिर कितीही मोठे असो, त्या मुलीला पुढच्या महिन्यात लागणाऱ्या प्लेटलेट त्यातून मिळणार नाहीत. तिला लागतात बोलावल्यावर येणारी माणसे.

देणे अवघड नाही. एका हातातून रक्त यंत्रात जाते, प्लेटलेट काढून घेतल्या जातात, बाकीचे रक्त परत अंगात येते. तास-दीड तास लागतो. शरीर काही दिवसांत भरपाई करते, त्यामुळे रक्तदानासारखे तीन महिने थांबावे लागत नाही. वजन, प्लेटलेटचा आकडा आणि संसर्ग आधी तपासतात. नुकतीच ॲस्पिरिन घेतली असेल तर तसे सांगावे.

त्या दिवशी आमच्यातले दोघे शिक्षक संध्याकाळच्या गाडीने गेले. एकाचे वजन कमी भरले, दुसऱ्याच्या प्लेटलेट घेतल्या. परत आल्यावर आम्ही हजेरीच्या जुन्या वहीत एक पान आखले: नाव, रक्तगट, फोन. आजवर एकोणीस नावे झाली आहेत. त्यांत चार मुलींच्या अम्मीही आहेत. तुमच्या मोहल्ल्यातही असे एक पान असू द्या. फोन कधी येईल, सांगता येत नाही.

ती मुलगी अजून इस्पितळात आहे. तिच्यासाठी दुआ करा.